जुन्या सॅक्सोफोनचें रोगण

गेल्या भाद्रपदांत, गौरी-गणपति उरकल्यावर, आमच्या नागभीडच्या घरांत माळा झाडण्याचें काम निघालें. दसरा जवळ आला कीं हें काम निघतेंच. पितळेचीं घंगाळें, पराती, समया, तीन पिढ्यांचे तांबे असें सर्व सामान अंगणांत आलें, आणि त्याबरोबर एक लांबट काळी पेटीहि खालीं आली. ती उघडतांच आमची धाकटी सून म्हणाली, "अगबाई, हें तर सगळेंच काळवंडलें!" पेटींत आमच्या कैलासवासी धाकट्या काकांचा सॅक्सोफोन होता. काकांना जाऊन सहा वर्षें झालीं. तितकीं वर्षें ती पेटी कोणीं उघडली नव्हती.

मग घरांतील प्रत्येकाचें एकेक मत निघालें. वहिनींचें म्हणणें, चिंच व मीठ लावून दोन घटका ठेवावें, कीं सोन्यासारखें होईल. काकांचा नातू पुण्यास इंजिनिअरिंग शिकतो व फावल्या वेळीं हेंच वाद्य वाजवितो. त्याला मोबाइलवर चित्र दाखविलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, नागपुरास एक जण आहे, तो चार दिवसांत अगदीं नव्यासारखा करून देतो. जुनें सगळें काढतो, चाकावर घासतो आणि वर नवें लॅकर मारतो." काकू झोपाळ्यावर बसल्या होत्या, त्या कांहींच बोलल्या नाहींत. पस्तीस वर्षें शाळेंत रसायन शिकविल्यामुळें घरांतील प्रत्येक डागाचा जबाब मीं द्यावा अशी एक रीत पडून गेली आहे. मीं इतकेंच म्हटलें कीं, आठ दिवस कोणीं त्यास हात लावूं नये. त्या आठ दिवसांत जें पाहिलें, वाचलें व आठवलें तें या महिन्याच्या लेखांत वाचकांपुढें ठेवीत आहें. सॅक्सोफोन घरोघर नसतो हें मला ठाऊक आहे. पण रोगण दिलेली पितळेची एखादी जुनी वस्तु, दुर्बीण म्हणा, होकायंत्र म्हणा, ग्रामोफोनचा कर्णा म्हणा, पुष्कळ घरांत असते, आणि तिची गति बहुधा हीच होते.

हें वाद्य आपल्याकडे वरातींतून सर्वांच्या परिचयाचें आहे. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें तें सिद्ध केलें व १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. अंग पितळेचें, पण तोंडाशीं देवनळाची पातळ जिभली; म्हणून पाश्चात्य शास्त्रकार त्याची गणना पितळी वाद्यांत न करतां लाकडी वाद्यांत करतात. पलटणींच्या बँडांतून तें जगभर पसरलें. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून १९३० नंतर जॅझ वाजूं लागला, तेव्हां गोव्याच्या वादकांच्या हातीं तें चांगलेंच रुळलें, आणि पुढें तेच वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसूं लागले. दक्षिणेंत कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनीं लहानपणीं म्हैसूरच्या राजवाड्यावरील बँडांत तें ऐकलें आणि जन्मभर खपून त्यावर कर्नाटक संगीत उतरविलें. म्हणजे हें वाद्य परकें म्हणून बाजूस सारण्यासारखें राहिलेलें नाहीं.

काका १९६८ सालीं नोकरीनिमित्त मुंबईस होते. धोबीतलावाच्या बाजूस गोव्याहून आलेल्या लोकांचे जे कूड, म्हणजे गांववार उतरण्याचे वाडे, त्यांपैकीं एकांत राहणाऱ्या एका वृद्ध वादकापासून त्यांनीं हा सॅक्सोफोन विकत घेतला. तो अमेरिकेंतील एल्खार्ट गांवच्या कॉन या कारखान्याचा. नागपुरापासून घरापर्यंत तो छोट्या गाडीनें आला. १९०८ सालीं सुरू झालेली ती नागपूर-नागभीड गाडी मोठ्या रुळांच्या कामासाठीं २०१९ सालीं बंद झाली. पण पेटी मांडीवर घेऊन केलेल्या त्या प्रवासाचें वर्णन काका अखेरपर्यंत करीत. घरांत मात्र स्वागत बेताचेंच झालें. आजोबा म्हणाले, "हें बँडवाल्यांचें वाद्य." आजीची अडचण निराळी होती. तोंडानें फुंकावयाचें म्हणजे उष्टें. तें देवघरांत कसें चालेल? अखेर ओसरीच्या कोपऱ्यांत त्याला जागा मिळाली.

पुढें आजीचें मन वळलें, तें एका गैरसमजानें. कॉन कारखान्याच्या १९३५ च्या सुमारापासूनच्या ऑल्टो सॅक्सोफोनवर कर्ण्याच्या बाजूस पंचकोनी चौकटींत एका स्त्रीची अर्धमूर्ति कोरलेली असते. आजीनें ती सरस्वती मानली. त्या सरस्वतीच्या अंगावर वस्त्र नाहीं ही गोष्ट आजीच्या अधू दृष्टीस दिसली नाहीं, आणि कोणीं तिला सांगितलीहि नाहीं. दर दसऱ्यास तिला गंध, हळद, कुंकू व ओलें फूल वाहिलें जाई. काका गालांत हंसत, पण आड येत नसत. त्या कुंकवाचा डाग आजहि तेथें आहे; त्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

आतां रोगणाकडे वळूं. पितळ उघडें ठेवलें कीं काळवंडतें हें आपल्या गृहिणींना सांगावयास नको. म्हणून कारखानदार त्यावर पारदर्शक रोगणाचा हात देतात. त्यास इंग्रजींत लॅकर म्हणतात, आणि हा शब्द आपल्या लाखेचाच वंशज आहे. संस्कृत लाक्षा, देशी लाख, आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपांत गेलेला लाक, अशी त्याची वाट. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म किडा वस्ती करतो व अंगांतून राळेसारखा रस काढून त्याचें कवच बनवितो, तीच लाख. आमच्या चांदा-गडचिरोलीच्या रानांत पळसाला तोटा नाहीं. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली, इतकें या किड्याचें महत्त्व होतें. लाख स्पिरिटांत विरघळवून तिचा पातळ हात पितळेवर देण्याची युक्ति युरोपांतील दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक करणारे कारागीर अठराव्या शतकापासून वापरीत. जुन्या शास्त्रीय उपकरणांचा तो मधाळ पिवळा रंग निव्वळ पितळेचा नव्हे. त्यांत आपल्याकडच्या झाडांवरील किड्यांचाहि वांटा आहे.

सॅक्सोफोनच्या नशिबीं मात्र लाख फारशी आली नाहीं. पूर्वीं ते उघड्या पितळेचे, किंवा चांदीचें अथवा सोन्याचें पाणी दिलेले असत. पहिल्या महायुद्धानंतर कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचें रोगण निघालें. १९२३ च्या सुमारास तें मोटारगाड्यांवर मारूं लागले. फवाऱ्यानें भराभर मारतां येतें व घटकेंत सुकतें, हा त्याचा मोठा गुण. १९३० च्या आगेमागें वाद्यांच्या कारखान्यांनीं तें उचललें, कारण चांदीच्या पाण्यापेक्षां तें पुष्कळ स्वस्त पडे. काकांच्या वाद्यावर आहे तें हेंच रोगण. त्याचा थर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षांहि पातळ असतो.

या नायट्रोसेल्युलोजचा स्वभाव जरा चंचल आहे. तोफांची धूरविरहित दारू याच कुळांतली, आणि जुन्या मूकपटांच्या फितीहि याच कुळांतल्या. पुण्यास २००३ सालीं चित्रपटसंग्रहाच्या कोठारास आग लागून अशा कितीतरी फिती जळून गेल्या, हें पुष्कळांस आठवत असेल. सॅक्सोफोनवरील थर इतका पातळ असतो कीं तेथें आगीचें भय बाळगण्याचें कारण नाहीं; पण सावकाश विघटन पावण्याची खोड तेथेंहि सुटत नाहीं. वर्षानुवर्षें त्यांतून नत्राचीं ऑक्साइडें सुटतात, हवेंतील दमटपणाशीं मिळून त्यांचें आम्ल होतें, आणि तें आम्ल रोगणाला व खालच्या पितळेला दोघांनाहि पोखरतें. ऊन व उष्णता यांनीं ही क्रिया बळावते. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. कवेलूंच्या छपराखालच्या माळ्यावर त्या दिवसांत काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आणि त्यापाठोपाठ चार महिने पाऊस.

अशा रोगणाचा रंग कसा पालटत जातो तें या वाद्यावर एका दृष्टिक्षेपांत दिसतें. नवें असतां तें लिंबाच्या सालीसारखें फिकट पिवळें असावें. कळांच्या आडोशाला, जेथें प्रकाश पोंचला नाहीं, तेथें तसें तें अजून आहे. उघड्या भागावर तें मधासारखें, आणि कर्ण्याच्या मागील अंगास तर कातासारखें झालें आहे. हा पालट रोगणाचा स्वतःचा. तेथें पितळेला कांहींहि झालेलें नाहीं. येथें एक सावधगिरीची सूचना. कित्येक कारखाने रोगणांतच रंग मिसळीत. पॅरिसच्या सेल्मर कारखान्यानें १९५४ सालीं काढलेल्या मार्क सहा या नामांकित वाद्याच्या रोगणाची गडद मधाळ छटा मुळांतलीच होती. तेव्हां गडद दिसतें म्हणून तें बिघडलेंच असें समजूं नये.

दुसरा रंग तपकिरी. जेथें रोगण झिजून गेलें तेथें पितळ उघडें पडलें आणि हवेनें तपकिरी झालें. तो सर्वत्र नाहीं. मोजक्या जागीं आहे. उजव्या हाताचा अंगठा जेथें आंकड्याखालीं टेकतो तेथें, डाव्या तळव्याजवळील कळांच्या पाळ्यांवर, आणि वाद्य मांडीच्या बाजूस टेकतें तेथें हातभर. घामांतील मीठ व आम्ल यांनीं रोगण प्रथम निस्तेज होतें, मग त्याचे पापुद्रे सुटतात. हा तपकिरी थर देवळांतील जुन्या घंटेवर असतो तसा घट्ट व निरुपद्रवी असतो. एकदां बसला म्हणजे खालच्या धातूस तो बराचसा झांकून धरतो.

तिसरा रंग हिरवा, आणि हा खरा शत्रु. त्यास आपल्याकडे जंगाल म्हणतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें कीं तें कळकतें, त्यांत हाच विषारी गुण उतरतो. काकांच्या वाद्यावर तो वांकड्या मानेच्या सांध्यांत, एका कळेच्या डाखाभोंवतीं आणि त्या पंचकोनी चौकटींत, आजीच्या कुंकवाखालीं, दिसला. ओल, मीठ किंवा आम्ल जेथें साचून राहतें तेथें तो उठतो व वाढतच जातो.

चवथा रंग लाल, आणि तो फार बारकाईनें पाहिल्यावांचून दिसत नाहीं. पितळ म्हणजे तांबें व जस्त. ओलाव्यांतील आम्ल व क्षार जस्त उचलून नेतात आणि मागें तांब्याची सच्छिद्र लालसर चकती उरते. वाजविणाऱ्याच्या श्वासाचा ओलावा मानेच्या आंत साचतो, म्हणून हा रोग बहुधा मानेंत प्रथम दिसतो. वहिनींना ही गोष्ट पटकन पटली. कारण चिंचेनें फार वेळ घासलेला तांब्या पिवळ्याऐवजीं गुलाबी दिसतो हें त्यांनीं पन्नास वर्षें पाहिलें होतें. तेथें चिंचेचें आम्ल तेंच करतें. जाड पत्र्याच्या भांड्यास तें पुरून उरतें. सॅक्सोफोनचा पत्रा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, त्याला ही चैन परवडणारी नाहीं.

या ओघांत एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. गेल्याच्या आधींच्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेचीं पितळी काडतुसें पावसाळ्यांत कोठारांत पडल्या पडल्या चिरफळत. हंगामी चिरा असें त्या रोगाचें नांवच पडलें. काडतुसें घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेलीं असत, आणि घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया दमट हवेंत ताणलेल्या पितळेला चिरे पाडी. त्याचा पक्का उलगडा १९२१ सालीं झाला. सॅक्सोफोनचें पितळहि ठोकून, ओढून, वांकवून बनविलेलें, म्हणजे ताणलेलेंच असतें. बाजारांत डब्यांतून मिळणाऱ्या कित्येक पॉलिशांत अमोनिया असतो. समईला तें लावून धुवून टाकलें तर हरकत नाहीं. कळांच्या फटींत बसून राहिलें तर आहे.

आतां नागपूरच्या त्या चार दिवसांच्या कामाविषयीं. नवें रोगण देण्यापूर्वीं जुनें काढावें लागतें, आणि धातु आरशासारखी व्हावी म्हणून ती फिरत्या चाकावर घासावी लागते. आपल्या घरांतल्या जुन्या भांड्यांवर नांवें घातलेलीं असतात. आमच्या पणजीचें नांव घातलेलें एक घंगाळ आहे. त्यावरील अक्षरांपैकीं आज तीनच वाचतां येतात, बाकीचीं राखेनें नेलीं. राखेला त्यासाठीं शंभर वर्षें लागलीं, चाकाला एक दुपार पुरते. कोरीव काम बोथट होतें, कळांचे कोपरे गोल होतात. कॉनच्या त्या काळच्या वाद्यांना भोंकांच्या कडा बाहेर वळविलेल्या आहेत. त्या झिजल्या कीं चामड्याची गादी त्यांवर सारखी बसत नाहीं आणि वारा निसटतो. रोगणानें सूर बदलतो कीं नाहीं याविषयीं वादक व पदार्थविज्ञानवाले यांचा वाद मिटण्यासारखा नाहीं. सूर आंतील हवेच्या स्तंभाचा असतो, भांड्याच्या कातडीचा नव्हे, या मताचा मी आहें. पण वारा निसटूं लागला तर सूर बिघडतो, याविषयीं दोन मतें संभवत नाहींत. जुन्या वाद्यांचे जाणकार ग्राहक डागाळलेल्या मूळ रोगणाला नव्या झळाळीपेक्षां जास्त किंमत देतात तें केवळ हौसेनें नव्हे. मूळ रोगण जागेवर आहे, त्या अर्थीं खालची धातु कोणीं घासलेली नाहीं, हा त्यांस मिळणारा दाखलाच होय.

हें मी नुसतें वाचून सांगत नाहीं. माझे वडील जंगलखात्यांत होते. त्यांचें एक पितळी होकायंत्र होतें, लाखेचें रोगण दिलेलें, ठिकठिकाणीं काळें झालेलें. वीस वर्षांपूर्वीं एका शहरांत मीं तें मोठ्या हौसेनें एका पॉलिशवाल्याकडे दिलें. तें आलें तें लखलखत आलें. मात्र झांकणाच्या आंतल्या अंगास वडिलांनीं चाकूच्या टोकानें स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें व नोकरीच्या पहिल्या ठाण्याचें नांव खरडलें होतें, तें गेलें. दोष त्या मनुष्याचा नव्हता. मीं सांगितलें तें त्यानें केलें. शिवाय दोन पावसाळ्यांत तें पुन्हां काळें झालें, आणि तेंहि चट्ट्याचट्ट्यांनीं. तें मी आतां फारसें बाहेर काढीत नाहीं.

हें सर्व घरांत सांगून झाल्यावर मला वाटलें, प्रश्न सुटला. तोंच काकू प्रथमच बोलल्या. "तुझें शास्त्र खरें असेल. पण हे असते तर त्यांना हें असें बघवलें नसतें. वाजवून झालें कीं जुन्या धोतराच्या फडक्यानें पुसल्याशिवाय पेटींत ठेवीत नसत, ताप असला तरी. आतां हें असें काळें पोर घेऊन जाणार, आणि चार लोक म्हणणार, मागें राहिलेल्यांनीं हेळसांड केली. मला तें नको."

याला रसायनांत उत्तर नव्हतें. मीं वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलें आणि खिडकी उघडली. अंगठ्याखालचा तपकिरी डाग त्यांना दाखविला. तो नुसता डाग नाहीं. अंगठ्याची सबंध लांबी, किंचित तिरपी, त्यांत उमटलेली आहे. काका अंगठा तिरपा धरीत. "काकू, हा रंग हेळसांडीचा नव्हे. चाळीस वर्षें रोज वाजविल्यावांचून हा असा येत नाहीं. तळव्याजवळचा तसाच, मांडीजवळचाहि तसाच. धोतराच्या फडक्यानें रोगण विरळ झालें असेल तर तीहि त्यांचीच निगा." मग सांध्यांतला हिरवा दाखविला. "हा मात्र आमचा. सहा वर्षें आम्हीं पेटी उघडली नाहीं, तिचा हा."

काकू बराच वेळ अंगठा त्या जागेवर ठेवून बसल्या. त्यांचा अंगठा तेथें पुरत नव्हता. मग म्हणाल्या, "तर मग तुमचें तेवढें काढा. त्यांचें राहूं दे." आणि थोड्या वेळानें, "आणि सासूबाईंचें?"

सासूबाईंच्या कुंकवाचा निकाल करणें सर्वांत कठीण गेलें. कुंकू म्हणजे हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया. त्यांत गंधाचें पाणी व फुलांचा ओलावा. त्याखालीं हिरवा उठलेला होता, तो ठेवणें शक्य नव्हतें. बांबूची काडी तासून मऊ टोंक केलें, खनिज तेलाच्या एका थेंबानें तें भिजविलें, आणि जितकें हिरवें सुटून आलें तितकेंच काढून मऊ फडक्यानें टिपून घेतलें. धातूचें हत्यार वापरलें नाहीं, चकाकी येईपर्यंत घासलें नाहीं. ज्या जागीं रोगण शाबूत होतें तेथें किंचित ओल्या व लगेच कोरड्या फडक्यापलीकडे कांहीं लावलें नाहीं. खोबरेल तेल लावण्याची सूचना आली होती. पण अशा तेलांतील आम्लें तांब्याशीं संयोग पावून हिरवट मेणचट थर धरतात, म्हणून ती मान्य केली नाहीं. स्पिरिटहि वर्ज्य, त्यानें लाख तर विरघळतेच, पण दुसरीं रोगणेंहि मऊ पडण्याचा संभव असतो. पंचकोनांतील बाईच्या कपाळाशीं गुलाबी-पिवळी छटा अजून आहे. ती रोगणांतच मुरलेली असल्यामुळें निघण्यासारखी नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर मीं फारसा प्रयत्नहि केला नाहीं.

पेटींतहि दोन गोष्टी सांपडल्या. कोणीं तरी सद्‍बुद्धीनें कसर लागूं नये म्हणून कापराच्या वड्या टाकल्या होत्या. नायट्रोसेल्युलोजांत कापूर मिसळूनच सेल्युलॉइड बनवितात. तेव्हां कापराची वाफ या रोगणास मऊ करण्यास अगदीं योग्य वस्तु आहे! वड्या काढून टाकल्या. दुसरी गोष्ट मुखाची. तें एबोनाइटचें, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचें असतें. जुनें झालें कीं त्याचा काळा रंग हिरवट-तपकिरी होतो, गंधकाचा वास येऊं लागतो, आणि तो गंधक शेजारच्या धातूला काळें करतो. मुखास स्वतंत्र कापडी पिशवी शिवून दिली. पेटी आतां माळ्यावर नाहीं व स्वयंपाकघराच्या भिंतीशींहि नाहीं. मधल्या खोलींतील कपाटांत, जमिनीपासून हातभर उंच आहे. पावसाळ्यांत उघडीप पडेल त्या दिवशीं ती सावलींत उघडून ठेवावयाची असें सुनेनें आपण होऊन अंगावर घेतलें आहे.

मानेंतील लाल ठिपके दोन आहेत. त्यांवर घरगुती उपाय नाहीं. पत्रा आरपार गेला तर मान बदलावी लागेल. तूर्त वाजवून झाल्यावर ती आंतून कोरडी करणें एवढेंच हातीं आहे, आणि तें पुतण्याला बजावून सांगितलें आहे. त्याची थोडी निराशा झाली. त्याच्या मित्रांचीं नवीं वाद्यें आरशासारखीं आहेत. गाद्या मात्र सर्व बदलाव्या लागल्या. सहा वर्षांत चामडें कडक होऊन गेलें होतें. तें काम चाकावर न घासतां, रोगणाला धक्का न लावतां करून देणारा कारागीर त्यानेंच शोधून काढला.

दसऱ्यास पूजा झाली. हळद-कुंकू पेटीच्या झांकणावर वाहिलें. वाद्यावर नुसत्या कोरड्या अक्षता, आणि त्याहि आरति झाल्यावर वेंचून काढल्या. मग पुतण्यानें ओसरीवर बसून तें तोंडाला लावलें. आजी असती तर उष्ट्याचा प्रश्न पुन्हां निघाला असता. वरचे सूर चांगले निघाले. खालचा षड्ज कांहीं केल्या निघेना. एका गादीखालून अजून वारा जातो. तें काम आतां दिवाळीच्या सुटींत व्हावयाचें आहे.